पहिल्या पगाराची तबकडी

शिवानीला त्या रविवारी खरं तर बारीक मापं घ्यायचा एक जुना, पण चालणारा डायल गेज हवा होता. लक्ष्मीपुरीच्या बाजारात जुन्या सामानाच्या रांगेत ती उकिडवी बसून गंजक्या हत्यारांचा ढीग उपसत होती. शेजारी एक उंच, सडपातळ तरुण ग्रामोफोनची तबकडी उन्हात तिरकी धरून, एक डोळा मिटून बघत उभा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, गडी हलेना. आणि त्याची सावली नेमकी हिच्या ढिगावर.

"पावणं, स्थळ बघायला आलाय काय? पसंत असंल तर घ्या, न्हायतर ठेवा की. माझं ऊन अडलंय."

तो दचकला, कानापर्यंत लाल झाला, पण तबकडी काही सोडली नाही. अशीच बघावी लागते म्हणाला. बघा, एक ओरखडा नाही, कोरी करकरीत आहे. शिवानीने ती त्याच्या हातातून सरळ काढून घेतली आणि पर्समधून भिंग काढलं. दुसऱ्या पोरींच्या पर्समध्ये कंगवा असतो, हिच्या पर्समध्ये भिंग आणि खडू. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ती तपासणीला होती. दिवसभर ओतीव माल उजेडात तिरका धरायचा, चांगल्यावर बरोबरची खूण, वाईटावर फुली.

"कोरी हाय, पण साचा म्हातारा होता," ती म्हणाली. "रेघांच्या कडा बघा, बसल्यात. आमच्याकडं असला माल आला तर मी फुली मारतो."

हो, 'मारतो'च. कोल्हापूरच्या पोरीच्या तोंडी दुसरं काय येणार?

तिचं न ऐकता त्याने तबकडी घेतली. पुढच्या रविवारी तो त्याच जागी तिची वाट बघत उभा होता, यावेळी सावली सांभाळून. तबला गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखा वाजतोय म्हणाला, तुमचंच खरं झालं. मग नाव सांगितलं, प्रसेनजीत. गाव गारगोटी, नोकरी जिल्हा परिषदेत, खोली राजारामपुरीत, आणि पगार सगळा तबकड्यांत.

तिथून रविवार लागले. आधी बाजार, मग गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. धातूचा साचा, त्यात तबकड्या कशा दाबून काढतात, पहिल्या साच्यातल्या कशा खणखणीत आणि साचा झिजत गेला, बदलत गेला की नंतरच्या कशा मुक्या होतात, हे तो तासन्‌तास सांगायचा. शिवानी म्हणायची, हे तर आमचंच काम की. त्याने तिला ऐकायला शिकवलं, तिने त्याला बघायला. ओठांवर दुधाची मिशी आली की तो काही बोलायचा नाही, नुसता आपल्या ओठावर बोट ठेवायचा... आणि हिला उगाचच गरम व्हायचं.

"तुमच्यात एकच खोट हाय," ती एकदा म्हणाली. "गाणं लागलं की तुम्ही डोळं मिटता."

"मग?"

"मग... मी दिसत न्हाय की."

त्याचा अर्धा पेला स्वतःच्याच पँटवर सांडला.

त्याच्याकडे शंभरावर तबकड्या होत्या, पण जीव एकीत. ठुमरीची. गारगोटीच्या शाळेत मास्तर असलेल्या त्याच्या वडिलांनी, नागसेन मास्तरांनी, पहिल्या पगारात घेतलेली. मास्तरांनी मधल्या गोलावर पतंगाचा पातळ कागद खळीने चिकटवून त्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'पहिला पगार, १९६८'. चार वर्षांच्या प्रसेनजीतने तिच्यावरून सुई फरफटत नेली, तेव्हा मास्तर रागावले नाहीत. ही तुझी सही झाली, एवढंच म्हणाले. मास्तर आता नव्हते. तबकडी लावली की सहीच्या जागी टक टक वाजायची आणि प्रसेनजीत हलकेच हसायचा.

शाहूपुरीत बाळासोंच्या घरी महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी तबकडीवाल्यांचं मंडळ जमायचं. बाळासो म्हणजे मोठं प्रस्थ, आवाज खणखणीत आणि मिशी त्याहून. तीच ठुमरी त्यांच्याकडेही होती, आरशासारखी. आपली पहिल्या साच्यातली आणि प्रसेनजीतची म्हणजे भाकरी भाजायचा तवा, असं ते दर खेपेला सांगायचे. आता साच्याचा आकडा तबकडीवरच कोरलेला असतो, मधल्या गोलाच्या कडेला. पण इथे तो मास्तरांच्या कागदाखाली गेलेला. कागद खरवडायचा तर अक्षर जाणार. प्रसेनजीत इतकी वर्षं ऐकून घ्यायचा आणि गप्प बसायचा.

अशाच एका रविवारी तो पहिल्यांदाच शिवानीला घेऊन गेला. बाळासोंनी आधी आपली लावली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मास्तरांची लागली. टक, टक, टक. मंडळी हसली, मंडळातले गणपतराव तर तवा तापलाय, भाकरीबरोबर चटणी मागवा म्हणाले. शिवानी मात्र पुढे सरकून बसली. टकटक तिने बाजूला सारली आणि तबल्याच्या चाटेवर, म्हणजे काठावर, पडणारं बोट ऐकलं. बोट न् बोट सुटं येत होतं. बाळासोंच्या तबकडीत हेच बोट बोथट होतं, तिने आत्ताच ऐकलं होतं.

"ह्यांचीच पहिली हाय," ती बोलून गेली.

बाळासो सावकाश वळले. मंडळाचा रिवाज तुला ठाऊक आहे का पोरी, त्यांनी विचारलं. दावा केला की आकडा वाचायचा, आणि जो हरेल त्याची तबकडी जिंकणाऱ्याच्या कपाटात. आहे तयारी?

दावा तिचा, पण जाणार होती ती मास्तरांची तबकडी. तिने प्रसेनजीतकडे पाहिलं. तो डोळे उघडे ठेवून तिच्याकडेच बघत होता.

"तुम्ही सांगताय?" त्याने विचारलं.

"...सांगतो."

"मग लागली पैज."

अरे, असा विश्वास टाकतात होय कुणावर? बाळासोंची आरशासारखी आहे म्हणजे पहिलीच, म्हणून तिचा आकडा इतक्या वर्षांत कुणी बघितलाच नव्हता; आज भिंगाखाली वाचला गेला, सात. मंडळी जराशी चपापली. पण कानावर निकाल लागत नाही, बाळासो म्हणाले, तवा दहाव्या साच्यातलाही असेल, कागद काढा. कुणीतरी पाण्याची वाटीही आणली. प्रसेनजीतचा चेहरा उतरला, हात काही पुढे होईना.

"पाणी ठेवा बाजूला," शिवानी म्हणाली. "पेन्सिल द्या. आणि त्या कोपऱ्यातल्या मिठाईच्या रिकाम्या पुड्यातला पातळ कागद."

फौंड्रीत रंगाखाली बुजलेला नंबर असाच काढतात. तिने पातळ कागद मास्तरांच्या अक्षरावर पसरला, बोटाने दाबून बसवला आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायला लागली. मंडळी वाकून बघायला लागली. आधी नुसता करडा पट्टा उमटला. मग अक्षरं, त्यामागे एक रेघ, मग मालिकेचा लांबलचक नंबर... आणि टोकाला, शेवटी, एकटा उभा — एक.

बाळासोंनी चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं. मग उठले आणि आपली तबकडी दोन्ही हातांनी प्रसेनजीतपुढे धरली.

"तीस वर्षं मी ओरखडं मोजत बसलो," ते म्हणाले. "ओरखडा मालकाचा, खोट साच्याची, हे ह्या पोरीनं शिकवलं. पुढच्या महिन्यापास्नं हिची खुर्ची माझ्या शेजारी."

गणपतरावांनी चटणी नको, पेढे मागवा म्हणून हुकूम सोडला. शिवानीला इतका आनंद झाला, इतका, की डोळे भरून आले आणि ती उगाच पेन्सिल पुसत बसली. मास्तरांचं अक्षर जसंच्या तसं होतं.

बाहेर आल्यावर प्रसेनजीतने जिंकलेली तबकडी तिच्या हातात दिली. ही तुमची, म्हणाला.

"मी काय करू घेऊन? माझ्याकडं वाजवायला मशीन कुठं हाय?"

"मशीन माझ्याकडं हाय."

"मग?"

"मग..." तो थांबला. रिक्षा गेली, सायकल गेली, एक म्हैसही सावकाश गेली. "मग तबकडी नि मशीन एकाच घरात पाहिजेत. म्हणजे... मला तसं वाटतं. तुम्हाला वाटत नसंल तर फुली मारा."

शिवानीने पर्स उघडली, खडू काढला आणि त्याचा उजवा हात ओढून उन्हात तिरका धरला. एक डोळा मिटून चांगलं निरखून पाहिलं. मग तळहातावर तिने ठसठशीत बरोबरची खूण ओढली.

"पास," ती म्हणाली. "आन आता तुम्ही-बिम्ही बास झालं. चल, दूध प्यायला."

त्या दिवशी गंगावेशीच्या कट्ट्यावर प्रसेनजीत डाव्या हाताने दूध प्याला.