दोनदा सुटलेलं जहाज

“ही खुर्ची रिकामी आहे का?”

तिनं पुस्तकातून मान वर केली. समोर एक उंच माणूस खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. शर्टाच्या खिशातून दोन दातांचा पोलादी काटा डोकावत होता.

“जेवायला स्वतःचा काटा आणलात?”

“हा पियानोचा, सूर जुळवायचा.” तो हसला. “जहाजावर दोन पियानो आहेत, दोन्ही बेसूर. एक या फेरीत जुळवायचा, दुसरा पुढच्या. मग... बसू?”

“नाही. म्हणजे, बाबा यायचेत. त्यांना बोट लागलीय. खोलीत पडलेत.”

खोटं इतकं सहज निघालं की तिची तीच चपापली. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. तीन रात्रींची एक सफर आणि तिला लागूनच चार रात्रींची दुसरी, दोन्ही त्याच जहाजावर, त्यांनीच ठरवलेल्या. “एकच लांब सफर केली की निघण्याचा आनंद एकदाच मिळतो,” ते म्हणाले होते. “दोन छोट्या केल्या की दोनदा.”

पियानोवाल्यानं मान डोलावली, शेजारच्या टेबलाची खुर्ची उचलून आणली आणि बाबांची जागा सोडून कोपऱ्याला बसला.

तिन्ही संध्याकाळी हेच. वेटर वैतागला. “साहेब, तुम्ही रोज खुर्ची पळवता आणि तिकडचे काका उभे राहून माझ्या नावानं ओरडतात!”

उठताना तो रोज एक लिंबाची गोळी टेबलावर ठेवी. “बाबांना द्या. बोट लागली की बरी.”

“तुम्हाला काय, सगळ्यांच्या बाबांची काळजी?”

“नाही हो,” तो खाली बघत म्हणाला, “एवढ्यांचीच.”

खोलीत आल्यावर ती गोळी पर्समध्ये टाकी. खायला मन होत नसे, फेकायलाही. खरं सांगायला हवं होतं... पण सांगितलं की तो बिचारी म्हणून बघणार. मग ही थट्टा, हा कोपरा, सगळंच संपणार.

चौथ्या दिवशी सकाळी जहाज बंदराला लागलं. सगळे उतरले. पुढच्या सफरीला थांबणारे सातजण तेवढे नवीन कार्डांसाठी धक्क्यावरच्या हॉलमध्ये बसले. सातातले पाच सत्तरीच्या पुढचे. उरलेले दोघे, ती आणि पियानोवाला, शेजारी शेजारी.

कारकून बाई यादी घेऊन आल्या. “खोली चारशे बारा. दोघं आहात ना? वडील कुठायत?”

तिनं पर्समधून फक्त स्वतःचं जुनं कार्ड काढून पुढे केलं.

“चालवत नसेल तर चाकांची खुर्ची पाठवते—”

“नको. ते... ते वारले. दोन महिने झाले.”

तो शब्द ती पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारत होती. बाईंनी पेन खाली घेतलं. “पहिल्या यादीतलं नाव इथेही तसंच राहिलंय. नाव काढू?”

“काढा,” ती म्हणाली.

बाई पुढे गेल्या. मग तिनं पर्समधून तीन गोळ्या काढून त्याच्यापुढे धरल्या. “तुमच्या आहेत. माफ करा.”

“मला दुसऱ्याच संध्याकाळी कळलं होतं.”

“कसं?”

“आजारी माणसासाठी तुम्ही एकदाही पेज मागितली नाहीत. की घाईनं उठला नाहीत.”

“मग गोळ्या कशाला देत होतात?”

“वाटलं, निदान तुम्ही तरी खाल.” त्यानं घसा खाकरला. “आणि... दुसरा पियानो काल दुपारीच जुळवून झाला.”

“मग थांबलात कशाला?”

“कप्तानाला सांगितलंय, एक सूर जरा उतरतोय. चार दिवस लक्ष ठेवावं लागेल.” तो कानापर्यंत लाल झाला. “खोटं काय फक्त तुम्हीच बोलायचं?”

ती हसली. डोळे भरले होते, तरी हसली. मग एका गोळीचा कागद सोडवून तिनं ती तोंडात टाकली. आंबट होती.

संध्याकाळी भोंगा झाला आणि जहाज पुन्हा सुटलं. जेवणघराच्या खिडकीतला धक्का हळूहळू मागे सरकू लागला. तो आला आणि सवयीनं शेजारच्या टेबलाकडे वळला. वेटरनं कपाळावर हात मारला.

“ऐका,” ती म्हणाली आणि समोरची खुर्ची पायानं किंचित बाहेर ढकलली. “इथे बसा.”

“ती बाबांची...”

“हो. म्हणूनच. जेवायच्या वेळी कुणी उभं राहिलेलं त्यांना खपायचं नाही.”