चढाकडे तोंड करून उभी जीप

मार्कंड्याच्या घाटाखाली, वाळूत चाकं रुतवून एक जीप उभी होती आणि तिच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून एक तरुण कुणाशी तरी भांडत होता. विशाखा सायकलवरून उतरून जवळ गेली तेव्हा तिला कळलं, की भांडण बॅटरीशी चाललंय... आणि तेही तेलुगूत!

जत्रा महिन्यावर आली होती. भोंगेवाल्याची चार्ज केलेली बॅटरी पोचवून विशाखा चामोर्शीला परत निघाली होती. सायकलच्या कॅरिअरवर दोरीने बांधलेला तिचा सागवानी खोका होता. त्यात भरलेली बारा व्होल्टची बॅटरी, तांब्याच्या जाड तारा आणि चार चिमटे. कुणाची गाडी वाटेत मेली, की या खोक्यातून तिच्यात जीव घालायचा. चामोर्शीच्या एसटी स्टँडजवळ बापाचं, रामाजीचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. पण शहाऐंशीच्या त्या हिवाळ्यात सारा तालुका ओळखायचा तो 'बॅटरीवाल्या बाई'ला.

"हात काढा तिथून," ती म्हणाली.

तरुणाने वर पाहिलं. सावळा चेहरा, कपाळावर ग्रीसचा पट्टा आणि ओठांत बिडी.

"आन् ते बिडी फेका आधी. तिकडं... लांब."

"अय्यो! बिडीनं का झालं?"

"बॅटरीतून वायू निघते. ठिणगी पडली त भडकते. तोंड जाइल तुमचं." आणि मग, का कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "चांगलं आहे तोंड. राहू द्या."

जीपमध्ये शेंगा सोलत बसलेल्या नर्स बायनाबाई फिस्सकन हसल्या. विशाखाचे कान तापले. तिने घाईघाईने खोका उतरवला आणि कामाला लागली, कारण काम करताना तिला लाज वाटत नसे.

"चावी बंद करा. लाल चिमटा आधी तुमच्या बॅटरीच्या प्लसले... आता दुसरा लाल माझ्या प्लसले. काळा माझ्या मायनसले. आन् हा शेवटचा..."

"माझ्या मायनसले," तो उत्साहाने म्हणाला आणि चिमटा घ्यायला पुढे झाला.

तिने त्याच्या मनगटावर चापट मारली. "नाई! इंजिनच्या लोखंडाले. बॅटरीपासून लांब. शेवटच्या चिमट्याले ठिणगी उडतेच. माझ्या बाबानं एकदा बॅटरीवरच लावला होता. डावा डोळा गेला."

त्याने हात मागे घेतला. मग म्हणाला, "सांगा तसं करतो. मी श्रीहरी. सिरोंच्याचा."

तिसऱ्या मिनिटाला जीप घरघरली. चिमटे उलट्या क्रमाने सोडवत विशाखाने बजावलं, की आता तासभर इंजिन बंद करायचं नाही. वाळूतून बाहेर निघताना श्रीहरीने आरशात मागे पाहिलं. विशाखाने पाहिलं नाही... म्हणजे, पाहिलं, पण तेव्हा ती सायकलला खोका बांधत होती, असं तिने स्वतःला समजावलं.

ती जीप एका सेवाभावी संस्थेच्या फिरत्या दवाखान्याची होती. दर आठवड्याला वेगवेगळ्या गावी ती जायची. बायनाबाई सुया टोचायच्या, गोळ्या द्यायच्या, आणि श्रीहरी गाडी हाकायचा, पाणी उकळायचा, रडणाऱ्या पोरांना उचलून घ्यायचा.

आठवड्याने एसटीच्या कंडक्टरने दुकानासमोर बस हळू करून हाक दिली, "बॅटरीवाल्या बाई! दवाखान्याची जीप घोटच्या रस्त्याले बंद पडली म्हनते!"

विशाखा गेली. जीप मोहाच्या झाडाखाली उभी होती, आणि ती कशी उभी होती हे बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

या मुलखात गाडी चालवणारा माणूस गाडी लावतो ती उताराकडे तोंड करून. सकाळी स्टार्टरने उत्तर दिलं नाही, तर ब्रेक सोडायचा, दोघांचा धक्का, दुसरा गिअर, आणि गाडी चालू. हे लाकडाचे ट्रक हाकणाऱ्यांना कळतं, तहसीलदाराच्या ड्रायव्हरला कळतं. श्रीहरीची जीप मात्र चढाकडे तोंड करून उभी होती. पुढचं चाक मोहाच्या मुळाला टेकलेलं आणि मागे शेताच्या धुऱ्याचा बांध. दहा माणसं आली तरी तिला धक्का मारायला जागा नव्हती.

"अशी काऊन लावली, ड्रायव्हरभाऊ?"

"सावली होती न इथी."

पौषातली थंडी पडली होती. अंगावर स्वेटर घालून सावली शोधणारा माणूस विशाखाने पहिल्यांदाच पाहिला. पण बॉनेटवर चहाची किटली तयार होती, दोन कप तयार होते, आणि बायनाबाई नेमक्या लांब जाऊन बसल्या होत्या. तिने पुढे विचारलं नाही.

तिसऱ्या खेपेला तिने बॅटरीतल्या पाण्याची ताकद मोजायची काचेची नळी बरोबर नेली. बॅटरीचा एखादा कप्पा खराब असेल, तर नळीतला तरंगता काटा त्या कप्प्यात खाली जातो, इतरांत वर राहतो. इथे सहाही कप्पे सारखेच उतरलेले होते. डिस्टिल्ड पाणी काठोकाठ, टोकं गरम सोड्याच्या पाण्याने धुतलेली, वर व्हॅसलीनचा हात. तिने सांगितलेलं सगळं त्याने इमानाने केलं होतं. बॅटरी आजारी नव्हतीच. कुणीतरी रात्रभर हेडलाइट चालू ठेवले होते.

तिने नळी पुसली आणि त्याच्याकडे पाहिलं. तो झाडावरच्या माकडांकडे फार लक्ष देऊन बघत होता.

"काय निघालं?" त्याने विचारलं.

"काई नाई, ड्रायव्हर. थंडीनं उतरते कधी कधी."

"आज 'भाऊ' नाई म्हटलं?"

"इसरली."

"मंचिदी," तो हसला. "मंजे चांगलं झालं."

आता खरं सांगायचं, तर विशाखाने त्याच वेळी त्याचा कान धरायला हवा होता. बॅटरी वारंवार अशी तळापर्यंत रिकामी झाली, की आतून मरते. हे तिने शंभर गिऱ्हाइकांना खडसावून सांगितलं होतं. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या आठवड्यात निरोप आला नसता... आणि तिला तो निरोप हवा होता. मंगळवार उजाडला, की तिचे कान एसटीच्या हॉर्नकडे लागायचे. वेणी दोनदा घालायची आणि तीही दुकानात बसून, बापाच्या चांगल्या डोळ्यासमोर!

त्या संध्याकाळी आणखी एक चूक झाली. खोका वापरून आणला, की त्याच दिवशी चार्जिंगला लावायचा, हा रामाजीचा कडक नियम होता. रिकामी बॅटरी तशीच ठेवायची नाही. विशाखाने खोका कोपऱ्यात ठेवला, चार्जिंगसाठी कप्प्यांची झाकणंही सैल केली, आणि मग 'मंचिदी' हा शब्द तो कसा म्हणाला ते आठवत बसली. 'उद्या लावू,' असं म्हणून झोपली. दुसऱ्या दिवशी वीज गेली, ती आठवडाभर आलीच नाही. अर्धवट उतरलेला खोका तसाच राहिला.

आणि पुढच्या मंगळवारी सकाळीच कंडक्टर ओरडला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"पिपरटोल्याले जा लवकर! बाळंतीण अडली. जीप उठून नाई राह्यली!"

पाच मैल सायकल कशी मारली, ते विशाखाला पुढे कधी आठवलं नाही. पिपरटोल्याच्या चावडीपाशी माणसं जमली होती. जीपच्या मागच्या सीटवर सोमारी नावाची पोरगी दात आवळून पडली होती आणि बायनाबाई तिची पाठ चोळत होत्या. जीप चढाकडे तोंड करून होती. पुढे चावडीचा ओटा, मागे बांध. श्रीहरीने आदल्या संध्याकाळीच ती तशी लावून ठेवली होती... नेहमीसारखी.

त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "विशाखा," तो म्हणाला. पहिल्यांदाच नाव घेतलं त्याने. "मी..."

"बोलू नका. चावी बंद करा."

तिने सगळ्यांना दहा पावलं मागे केलं. लाल, लाल, काळा, आणि शेवटचा इंजिनच्या लोखंडाला. क्रम चुकला नाही. श्रीहरीने स्टार्टर मारला. टक... टक... बस, एवढंच.

विशाखाला खोका किती भरलाय ते माहीत होतं. जीपची बॅटरी तर चार वेळा उपाशी ठेवून जवळजवळ मारलेलीच होती. आणखी दोनदा स्टार्टर मारला असता, तर दोन्ही संपल्या असत्या.

"नका मारू आता," ती म्हणाली. "तारा अशाच राहू द्या. दहा मिनटं. माझ्यातलं थोडंसं तिच्यात जाऊ द्या. तवर माणसं घ्या, बांध फोडा. जीप फिरवायची उताराकडं."

"दहा मिनटं?" बायनाबाई ओरडल्या. "अवो, पोरीकडं बघा!"

"दहाच, बाई. इंजिनच्या ठिणगीपुरती वीज नसली त धक्क्यानंही नाई उठनार ते."

पिपरटोल्याच्या माणसांनी पहारी आणल्या, कुदळी आणल्या. श्रीहरी सगळ्यांच्या पुढे होता, हाताने ढेकळं उपसत. दहा मिनिटं झाली. विशाखाने चिमटे सोडवले. बारा माणसांनी जीपचं ढुंगण उचलून ती फिरवली, उताराला लावली आणि 'हो... हो...' करत ढकलली. जीपने एक गचका खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि इंजिन गरजलं. धुरळ्यात ती दिसेनाशी झाली, गडचिरोलीच्या दवाखान्याच्या वाटेने.

विशाखा फोडलेल्या बांधावर बसली आणि रडली. त्याच्यावर राग होता, पण निम्म्याहून जास्त राग स्वतःवर होता.

संध्याकाळच्या एसटीने बायनाबाईंचा निरोप आला. सोमारीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

पुढचा मंगळवार आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. कंडक्टरने हाक दिली नाही. एकदा विशाखाने आपण होऊनच विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "नवी बॅटरी टाकली बाई त्या जीपमधी. संस्थेच्या डॉक्टरले सारं सांगितलं म्हनते त्या ड्रायव्हरनं. लय बोलनी खाल्ली. आता मान खाली घालून गाडी चालवते."

त्या रात्री जेवताना विशाखाचा घास हातातच राहिला.

"काय झालं पोरी?" रामाजीने विचारलं.

तिने सगळं सांगितलं. चढ, किटली, काचेची नळी, न भरलेला खोका. काहीही लपवलं नाही. रामाजीने बोटाने ताटातलं मीठ गोळा केलं.

"म्हनजे त्यानं बॅटरी मारली, आन् तू मारू देल्ली."

"हाव, बाबा."

"त्याले मालूम आहे का, तुले समजलं होतं ते?"

"नाई. त्याले वाटते, एकट्याचीच चूक आहे."

"मंग तो कायले येते इथी? तोंड घेऊन येनार कोनतं?" रामाजीने पाण्याचा तांब्या उचलला. "पोरगा कसा आहे?"

विशाखाने ताट बाजूला सरकवलं. "चांगला आहे, बाबा. मले... आवडते."

रामाजीने तांब्या रिता केला. "सिरोंच्याचे लोक भातात लय मिरची टाकतात," एवढंच म्हणाला आणि हात धुवायला उठला.

मंगळवारी सकाळी विशाखाने सायकल काढली. खोका बांधायला गेली, तर रामाजी आधीच तिथे उभा. त्याने दोरी सोडली आणि खोका उचलून आत नेऊन ठेवला. "त्याची गाडी चालू आहे न? मंग हे ओझं कायले नेतं?"

जीप घोटच्या बाजाराबाहेर उभी होती. पळसाला फुलं आली होती, आणि खाली एका आजीच्या दंडाला श्रीहरी कापूस धरून बसला होता. सायकलची घंटी ऐकून त्याने वर पाहिलं आणि गडबडून उभा राहिला. कापूस आजीच्या मांडीवर पडला.

"जीप चालू आहे," तो घाईने म्हणाला. "खरंच. मी नाई बोलावलं तुमाले."

"मालूम आहे."

"त्या दिवशी... माझ्यामुळं त्या पोरीचा जीव..."

"आपल्या दोघांमुळं," विशाखा म्हणाली. "तिसऱ्या खेपेलाच समजलं होतं मले. सहाही कप्पे सारखे उतरले होते. मी बोलली नाई."

"समजलं होतं? मंग काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं त तुमी बोलावनं बंद केलं असतं."

बाजारातून कोंबड्यांचा कलकलाट येत होता. बायनाबाईंनी सुईची पेटी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. श्रीहरीची नजर सायकलच्या रिकाम्या कॅरिअरवर गेली.

"खोका नाई आनला?"

"नाई."

"मंग... काऊन आल्या?"

वाटभर ती याच एका वाक्याची तयारी करत आली होती. आता ते वाक्य कुठे गेलं, कोण जाणे. तिने हँडल घट्ट धरलं.

"तुले भेटाले आली," ती म्हणाली. "नुसती भेटाले."

श्रीहरीने पुढे होऊन तिच्या हातातली सायकल घेतली आणि पळसाखाली नेऊन टेकवून ठेवली.

"अवो ड्रायव्हर," आजी मांडीवरचा कापूस उचलून दंडावर दाबत म्हणाली, "ते पोरगी एवढ्या लांबून सायकल हानून आली. चहा तरी पाज तिले!"