चार पंचे आणि तीन नंबरचं पाणी

"सांडूला काढा! ज्याला पाळी कळत नाही, त्यानं टँकर कशाला चालवावा?" तात्यासाहेब गल्लीच्या तोंडाशी गरजले. "परवा तीन नंबरचं पाणी माझ्या बारा नंबरच्या टाकीत ओतलं! ते मी सहन केलं. पण शिस्त म्हणजे शिस्त!"

गुलशनच्या हातातली कुल्फी वितळून कोपरापर्यंत आली. हर्सूलच्या उन्हात कुल्फीचं एवढं नुकसान तिनं कधी होऊ दिलं नव्हतं!

"म्या गच्चीवरचं पाहूनच पाइप लावला, साहेब," सांडू पुटपुटला.

गच्चीवरचं म्हणजे गुलशनचंच डोकं! टँकर आला की पंधराच्या पंधरा घरं "आमची पाळी!" म्हणून ओरडत. म्हणून सुट्टी लागताच तिनं आपल्या गच्चीवर दोरी बांधली. रोज चिठ्ठीत ज्या घराचा नंबर निघेल, त्याची पाळी. चार पंचे, चार जागा. उजवीकडचा पहिला एकाचा, मग दोनाचा, चाराचा, आठाचा. टांगला तर मोजायचा, नाही टांगला तर शून्य. चार आणि दोन टांगले की सहा नंबर. आठ आणि एक टांगले की नऊ. एकापासून पंधरापर्यंत कुठलाही आकडा, चार पंच्यांत! गल्लीनं तिला डोक्यावर घेतलं होतं.

आणि आता तीन नंबरच्या साळूमावशींच्या घरी बाळंतीण लेक नि कोरडी टाकी!

"तू काल जेवली नाहीस म्हणे," तिचा दोस्त बन्सी म्हणाला. "चूक सांडूकाकाची. तू का उपाशी?"

"सहाला बरोबर गेलं, नऊला बरोबर गेलं. मग तीनालाच कसं चुकलं?"

"चल, पंचे लाव. मी खालून बघतो!"

गुलशननं उजवीकडचे दोन टांगले. एक आणि दोन, झाले तीन. बन्सी रस्त्यावरून ओरडला, "अगं, हे तर डावीकडचे दोन आहेत! आठ आणि चार. बारा!"

गुलशनच्या लक्षात आलं. ती दोरीच्या मागे, सांडूकाका पुढे. तिची उजवी ती त्याची डावी! सहा आणि नऊ दोन्हीकडून सारखेच दिसतात, म्हणून आधी कळलंच नाही. सांगावं तर गल्ली हसणार. न सांगावं तर सांडूकाका घरी बसणार.

ती खाली धावली. "तात्यासाहेब, जरा वर बघा. कुठला आकडा?"

तात्यासाहेबांनी चष्मा सावरला. "बारा! आज माझी पाळी?" त्यांचा चेहरा उजळला.

"वर लावलाय तीन. चूक माझी आहे. मी माझ्या बाजूनं लावते, काका रस्त्यावरून वाचतात. त्यांना काढू नका!"

सगळ्यांनी माना वर करून पंचे पाहिले. बन्सीनं मात्र निरागसपणे विचारलं, "पण तात्या, टाकी भरत होती तेव्हा आपली पाळी नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

तात्यासाहेबांना एकदम आभाळात ढग आहेत का, ते पाहावंसं वाटलं. बराच वेळ पाहूनही सापडले नाहीत. "पोरगी धीराची आहे!" ते शेवटी म्हणाले. "सांडू, उद्या वेळेवर ये!"

"शाब्बास गं!" सगळे म्हणाले. सांडूकाकानं तर तिच्या डोक्यावर हात ठेवला, "लई मोठं काम केलंस, बेटा!" तो हात गुलशनला टँकरएवढा जड वाटला; साळूमावशींची टाकी अजून कोरडीच होती.

दुसऱ्या दिवशी पाळी पंधरा नंबरची, म्हणजे गुलशनचीच. चारही पंचे सकाळीच टांगलेले. कुठूनही बघा, पंधराच! अम्मीनं पिंपं धुऊन ठेवली होती. गुलशननं आधी दोरीच्या एका टोकाला लाल ओढणी बांधली. मोजणी इथून, गच्चीवरूनही आणि रस्त्यावरूनही! मग अम्मीच्या कानात काहीतरी सांगितलं. अम्मीनं पिंपांकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि मान डोलावली.

गुलशननं आठाचा पंचा काढला. चाराचाही काढला.

सांडूनं ओढणीपासून मोजलं आणि पाइप ओढत तीन नंबरला नेला. साळूमावशी दारात धावत आल्या. "अरं सांडू, थांब! आज माझी पाळी नाय!"

तात्यासाहेब पुन्हा ढग शोधू लागले.