काका आले की शहाणा होणारा स्विच

गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतोच, हा गुन्हेशास्त्राचा अटळ नियम आहे. या प्रकरणात मात्र तिसऱ्यांदा परत आला तो तपास करणारा.

फोन दुपारी आला.

"मेला," आर्किटेक्ट साहेब म्हणाले.

"कोण?"

"तुमचा स्विच! अजून कोण? शाळेच्या इमारतीचे नकाशे आज पाचपर्यंत स्पर्धेच्या वेबसाइटवर चढवायचेत. नकाशे सर्व्हरवर अडकलेत आणि ऑफिसातला एकही संगणक दुसऱ्याला ओळख दाखवत नाहीये. या. आणि 'माझ्यासमोर तर चालतोय' हे सांगायला येऊ नका."

केबलकाका निघाले. इंजिनिअरिंगची पदवी असलेल्या माणसाला लोकांनी केबलकाका म्हणावं, हे त्यांचं जुनं दुःख. नवं दुःख म्हणजे हा स्विच. ऑफिसातल्या सगळ्या संगणकांच्या तारा जिथे येऊन मिळतात, ती वहीएवढी डबी. त्यांनी ती बदलली. मग कंपनी बदलून पुन्हा बदलली. मग तारा बदलल्या. आता त्या ऑफिसात बदलण्यासारखे केबलकाकाच उरले होते.

दार मावशींनी उघडलं. साहेबांच्या सख्ख्या मावशी. फोन, चाव्या, चहा आणि साहेब, एवढा कारभार त्यांच्याकडे. काखेत कसलीशी घडी होती.

"आलात? बिचारा अगदी मलूल झालाय हो. बघा जरा."

ऑफिस नीटनेटकं होतं. फोनला फुलाफुलांचं कव्हर. प्रिंटरला झालरीचं. कागदाला भोकं पाडायच्या यंत्रालासुद्धा टोपडं.

स्विच कोपऱ्यातल्या फळीवर होता, थेट एसीच्या झोताखाली. काकांनी फळीवर बोट ओढलं. धुळीत रेघ उमटली. तेच बोट स्विचवर ओढलं. काहीच नाही. हात मात्र चटका बसून मागे आला.

त्यांनी स्विच बंद करून चालू केला. हिरवे दिवे लुकलुकले. सगळे संगणक जागे झाले.

"माझ्यासमोर तर—"

"बोलू नका," साहेब म्हणाले.

नकाशे काढणारी मुलगी लगबगीनं माऊसकडे वळली.

"हात लावू नकोस!" साहेब ओरडले. "पुन्हा मारशील त्याला. काका, मला विचाराल तर गुन्हेगार समोर बसलाय. हिच्या फाइली डोंगराएवढ्या. ही आजारी होती त्या आठवड्यात स्विच एकदाही बंद पडला नाही. एकदाही! मी सांगून ठेवलंय, आज नकाशे गेले नाहीत तर उद्यापासून यायचं नाही."

"सर, फाइल मोठी असली की वेळ लागतो. स्विच मरत नाही."

"ऐकलंत? वर उलट उत्तरं."

मुलीची ही पहिली नोकरी. कायम होण्याची वेळ आली होती, आणि नेमका तेव्हाच हा डबा तिच्या मुळावर उठला होता. काकांनी खुर्ची ओढली.

"स्विच बंद पडतो तेव्हा तू काय करत असतेस?"

"काम."

"दर वेळी?"

"त्याचाच पगार मिळतो, काका."

"आजारी होतीस तेव्हा ऑफिसात कोण होतं?"

"मी नव्हते. मला कसं कळणार?"

"मी होतो," साहेब म्हणाले. "एकटा. मावशी लेकीकडे गेली होती. चहासुद्धा मीच केला." आवाजात अजून त्या आठवड्याची जखम होती.

काका मावशींकडे वळले. "स्विच ओल्या फडक्यानं पुसता का हो?"

"छे! करंट लागला म्हणजे?"

"कोरड्या?"

"कशाला? त्याच्यावर धूळ बसतेच कुठे!"

काकांनी फळीवरच्या रेघेकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग उठून म्हणाले, "सगळ्यांना इथे बोलवा."

"सगळे इथेच आहोत," साहेब म्हणाले.

"बरं. मग ऐका. या फळीवर बोटभर धूळ आहे. स्विचवर कणभर नाही, आणि कुणी तो पुसत नाही. याचा अर्थ एकच. तो झाकलेला असतो. आता दुसरी गोष्ट. एसीच्या झोतात बसूनही तो भाजतोय. थंडीत घाम कुणाला फुटतो? जाड पांघरूण घेतलेल्याला. या डबीला पंखा नाही. अंगावरच्या फटींतून ती गरम हवा सोडते. फटी बंद झाल्या की तापते, तापली की गप्प होते."

"पण मी तर तो उघडाच बघतोय," साहेब म्हणाले.

"तुम्ही इकडे फिरकता तो बंद पडल्यावर. तोवर मला फोन गेलेला असतो, आणि मी येणार म्हटलं की कुणीतरी पांघरूण काढून ठेवतं. राहिला तो आठवडा. त्या आठवड्यात दोन माणसं नव्हती साहेब. तुम्ही एकच मोजलंत." काकांनी हात पुढे केला. "मावशी, ती काखेतली घडी."

मावशींनी घडी उलगडली. दुहेरी कापडात कापूस भरून शिवलेलं कव्हर होतं, बरोब्बर वहीएवढं. तारांसाठी एका रांगेत काजं. खाली झालर.

"मावशी!"

"अरे, एसी सरळ अंगावर येतो त्याच्या! आधीच दोन गेलेले. हा तरी जगावा म्हणून कापूस जास्त घातला."

"मग मी आलो की काढता का?" काकांनी विचारलं.

"डॉक्टर आल्यावर पेशंटचा स्वेटर काढत नाहीत होय?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "दोन स्विच फेकले मी. दोन!"

"त्यांची कव्हरं ठेवलीत मी जपून," मावशी म्हणाल्या. "लागतील."

मावशीला ओरडण्याची सोय साहेबांच्या घराण्यात नव्हती. म्हणून ते मुलीवर ओरडले.

"आता बघत काय बसलीस? चढव ते नकाशे!"

"हात लावू?"

"लाव!"

"म्हणजे उद्या मी यायचं ना, सर?"

"नकाशे गेले की ये."

तिनं वेबसाइट उघडली. नकाशे चढवायचं बटण तिथे नव्हतंच. त्या जागी एक सूचना होती. स्पर्धेच्या कार्यालयातलं नेटवर्क वारंवार बंद पडत असल्यामुळे मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवली होती.

सूचना सोमवारची होती. आज गुरुवार होता.