सोडायची राहून गेलेली शीळ

ही हकिकत खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी हुज्जत घालणार नाही.

जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून माझी तीस वर्षं गेली. म्हाताऱ्या कुत्र्यांचे कान कसे जातात, हे मला चांगलं ठाऊक आहे. आधी बारीक, उंच आवाज जातात. शिटी जाते, घंटी जाते. भरडे आवाज मागाहून. घरच्यांना वाटतं, कुत्रं मुद्दाम करतंय. हाक मारली तर येत नाही, पण भाकरीच्या दुरडीला हात लागला की हजर. खरं तर ते वासावर येतं.

एवढं सगळं मला ठाऊक आहे. तरीही एक गोष्ट मला कधी उलगडली नाही.

ती माझ्या आईच्या बाबतीत घडली. साल एकोणीसशे एक्केचाळीस, महिना भाद्रपद. जागा गुंजवणे गावाच्या वरचा धनगरवाडा, पाच-सहा खोपटी. भोर तेव्हा अजून संस्थान होतं.

आणि रात्र नव्हती. चांगली टळटळीत दुपार म्हटली असती, पण धुकं होतं.

माझ्या आजोबांचं नाव रायबा. ते दोन बोटं ओठांत घालून शीळ घालायचे. दोन लांब, एक आखूड. त्या शिळेवर त्यांचा कुत्रा चितऱ्या कुठूनही धावत यायचा. कळपातली म्होरकी शेळी लहानपणापासून चितऱ्याच्या उबेला निजलेली. तो जाईल तिकडे ती, आणि ती जाईल तिकडे सगळा कळप.

आमच्या घरात एक रीत होती. इतरांकडे होती की नाही, मला माहीत नाही. बाप गेला की बाराव्याला थोरल्या मुलानं वाड्याजवळच्या कड्यावर जायचं आणि बापाची शीळ एकदाच घालायची. त्यानंतर ती शीळ घरात कुणी घालायची नाही. ज्याची त्याला परत दिली, असा हिशेब. याला शीळ सोडणं म्हणत.

रायबा एकोणचाळीसच्या भाद्रपदात गेले. चुकलेलं करडू शोधायला चितऱ्याला घेऊन धुक्यात गेले होते. संध्याकाळी चितऱ्या एकटाच परत आला आणि चुलीपाशी निजला.

सगळ्यांना वाटलं, कुत्रं आलंय म्हणजे म्हाताराही मागोमाग येईल.

तिसऱ्या दिवशी सापडले. कड्याच्या निम्म्यात एक कपार आहे, तिथे पडले होते. पाय मोडला होता. पडल्यावर निदान एक दिवस जिवंत असावेत. वर काढायला दोर लावावे लागले.

उजव्या हाताची दोन बोटं ओठांशी होती...

म्हणजे ते शीळ घालत होते. चितऱ्यासाठी. आणि चितऱ्या चुलीपाशी निजला होता.

वाड्यावर लोक बोलले, कुत्रं बेइमान निघालं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आज मला कळतं, तेव्हाच त्याचे कान जायला लागले असणार. बिचाऱ्याला लांबची शीळ ऐकूच गेली नसणार. पण तेव्हा हे कोण सांगणार?

माझे वडील गेणू. त्यांनी बाराव्याला शीळ सोडली नाही. शेजारच्या चिमाजीनं आठवण केली तर म्हणाले, "शीळ सोडली तर ह्ये कुत्रं माजं ऐकंल व्हय? आन् कुत्र्याबिगर कळप कसा राखू म्या?"

आणि ते बापाचीच शीळ घालत राहिले.

वर्षभर जमलं. मग चितऱ्या कधी वळायचा, कधी नाही. पुढे पुढे वळेनासाच झाला. वडील चिडायचे. आई म्हणायची, "मनाचं तेवडं आइकतंय. म्हातारं झालंय, मिजास आलीया."

एक दिवस वडिलांनी खात्री करून घेतली. चितऱ्या निजला होता. वारा समोरून होता. ते मागून दबकत गेले आणि पितळी हंड्यावर कोयता हाणला. अख्खा वाडा दचकला.

चितऱ्याचा कानसुद्धा हलला नाही.

त्यावर चिमाजी म्हणाला, "बहिरं कुत्रं कळपावर ठिऊ नगंस, गेणू. बिबट्या आला तर त्येला कळायचं न्हाई." वडिलांना ते पटलं. शिवऱ्याला आनंदराव म्हणून सोयरे होते, त्यांच्याकडे पिल्लं होती. तिकडून पिल्लू आणायचं ठरलं.

पण आईच्या ध्यानात भलतंच काहीतरी आलं होतं.

रोज दुपार कलली, की निजलेला चितऱ्या डोकं वर उचलायचा...

कान टवकारायचा. दोन्ही.

मग शेपटी हलवायचा, उठायचा आणि कड्याकडे चालायला लागायचा. काठापाशी जाऊन बसायचा. अंधार पडायच्या आत परत यायचा. आईनं वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "हंडा आइकू येईना त्येला, आन् तितं कोण बोलावतंय?"

 कोण, हे आईच्या मनात आलं होतं. पण सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं.

वडील शिवऱ्याला निघाले त्या दिवशी पहाटेपासून धुकं होतं. परतायला दुसरा दिवस उजाडणार होता. बत्तीस शेळ्या आणि त्यांना राखायला माझी आई. बयाबाई, वय वर्षं वीस. घरातलं सगळं धन म्हणजे त्या बत्तीस शेळ्या. त्या गेल्या तर खालच्या गावात कुणाच्या तरी दारात राबायची पाळी.

दुपार कलली. चितऱ्यानं डोकं उचललं.

आई सांगायची, त्या दिवशी तो रोजच्यासारखा उठला नाही. ताडकन उठला. जवान कुत्रं उठतं तसा.

आणि पळत सुटला.

म्होरकी त्याच्या मागे. तिच्यामागे सगळा कळप. पाच-दहा पावलांवर सगळं पांढरं झालं. फक्त खुरांचा आवाज आणि म्होरकीच्या गळ्यातली घंटी.

कड्याच्या दिशेनं.

आई काठी टाकून धावली. ओरडली. म्होरकीला हाका मारल्या. पण म्होरकी कधी माणसाचं ऐकतच नव्हती. तिला वळवायचं तर चितऱ्याला वळवायला हवं. आणि चितऱ्या बहिरा.

घंटी पुढे पुढे चालली होती. मग आईला कड्याखालच्या ओढ्याचं पाणी ऐकू आलं. म्हणजे कडा वीस-पंचवीस पावलांवर.

त्या क्षणी आईनं काय केलं, ते सांगताना साठ वर्षांनंतरही तिचा चेहरा पडायचा. तिनं दोन बोटं ओठांत घातली. सासऱ्याची शीळ. त्या काळी बाईमाणसानं शीळ घालणंच वाईट, त्यात सासऱ्याची. पण दुसरं काही सुचलं नाही.

एक लांब. दुसरी लांब...

आणि दम संपला. धावून धावून धाप लागली होती. आखूड शीळ घालायची राहिली.

घंटी थांबली. पाण्याचा आवाजही थांबल्यासारखा वाटला.

मग कड्याखालून उत्तर आलं.

एक लांब.

दुसरी लांब...

एक आखूड.

मी आईला कितीदा म्हणालो असेन, आये, समोरच्या डोंगरावरून तुझाच आवाज परत आला असणार. ती दरवेळी एकच सांगायची. "अरं, म्या आकूड घातलीच न्हाई. मग ती परत कुटनं येईल?"

 

आई तशीच पुढे गेली. काठावर चितऱ्या उभा होता. त्यानं मागे वळून म्होरकीकडे पाहिलं आणि दात काढून गुरगुरला. जन्मात कधी तिच्यावर गुरगुरला नव्हता. म्होरकी बिचकून मागे सरली, कळप मागे सरला.

मग चितऱ्यानं शेपटी हलवली आणि धुक्यात खाली उतरला.

घसरल्याचा आवाज नाही. केकाटणं नाही.

आईनं नकळत पदर डोक्यावरून पुढे ओढला. मग बत्तीसच्या बत्तीस शेळ्या हाकत घरी आणल्या. एकदाही मागे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडील पिल्लू घेऊन आले. सगळं ऐकून ते चिमाजीला घेऊन, दोर लावून कपारीत उतरले. जिथे रायबा सापडले होते त्याच जागेवर चितऱ्या होता. मेलेला. अंगावर ओरखडा नाही. अंगाचं वेटोळं केलेलं, पण मान उचललेली. कुणाच्या तरी मांडीवर ठेवावी तशी.

वडिलांनी पुन्हा ती शीळ कधी घातली नाही. आई म्हणायची, आता तरी कड्यावर जाऊन सोडून या. ते म्हणायचे, "ज्याचं कुत्रं त्येला मिळालं. आता काय ऱ्हायलं?"

ते गेले तरी ती शीळ सोडायची राहिलीच.

पुढे नोकरीमुळे मी भोरला राहायला आलो. आईला घेऊन आलो. पंचाहत्तरीनंतर तिचे कान गेले. बायको म्हणायची, सासूबाईंना मनाचं तेवढं ऐकू येतं. मी दवाखान्यातला माणूस. एकदा गुपचूप मागे जाऊन पितळी परात फरशीवर टाकली. आई तांदूळ निवडत होती. तिचा हातसुद्धा थांबला नाही.

पण रोज दुपार कलली, की आई मान वर करायची...

पदर कपाळावर ओढायची. आणि खाटेवरून उतरून खाली जमिनीवर बसायची.

सासरा घरात आल्यावर सून बसते तशी.

मी विचारायचो नाही. तिनंच एकदा सांगितलं. "ज्ञानू, ती शीळ सोडायची ऱ्हायलीया. तुज्या बानं सोडली न्हाई. म्या पडले बाईमाणूस. आता तूच सोड, बाबा."

दोन हजार तीनच्या भाद्रपदात ती गेली. दारातच बसल्या बसल्या. पदर पार नाकापर्यंत ओढलेला. उंबऱ्याच्या एका बाजूला सरून बसली होती, कुणाला तरी वाट दिल्यासारखी.

तिच्या बाराव्यानंतर मी कड्यावर गेलो. आईला तसा शब्द दिला होता. दोन बोटं ओठांत घातली. पाच मिनिटं तसाच उभा होतो.

जमलं नाही. शीळ येत नव्हती म्हणून नव्हे. खालून उत्तर आलं तर काय, म्हणून. मी भ्यालो. खोटं कशाला बोलू?

आज मला चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. गेल्या वर्षीपासून कुकरची शिटी ऐकू येत नाही. माझी बायको रतनबाई म्हणते, "मनाचं तेवढं बरं ऐकू येतं तुम्हाला." डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलंय. झोपताना काढून ठेवा म्हणतात. मी काढत नाही. दुपारी तर रेडिओही मोठ्यानं लावून बसतो.

गेल्या मंगळवारी मशीन भिजलं. पुसून उन्हात ठेवलं, आणि खुर्चीत टेकलो. सगळं गप्प होतं.

पुढचं मला रतनबाईनं सांगितलं.

ती चहा घेऊन आली तेव्हा मी खुर्चीत नव्हतो. दारात उभा होतो. पायांत चपला होत्या, हातात काठी होती. तिनं तीनदा हाक मारली. मी वळलो नाही.

शेवटी तिनं समोर येऊन विचारलं, कुठे निघालात?

मी म्हणालो, कुठे नाही.

मला काय ऐकू आलं, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.