पदराखालचा उजेड

त्या दिवशी पाऊस धड पडतही नव्हता नि थांबतही नव्हता. सोनगीरचा किल्ला ढगात अर्धा बुडालेला, आणि मधूनच असं लख्ख ऊन पडे की एस्टीतली माणसं डोळे मिटून घेत. कानबाईचा सण तोंडावर आला होता. हिलालनाना खिडकीशी बसून धुळ्याला निघाले होते. नारळ आणायचे होते, खण आणायचा होता, आणि जमलंच तर बायकोचं तोंड आणायचं होतं.

हसू नका. खरंच तेवढ्यासाठी निघाले होते. मंजुळाबाईला जाऊन बरीच वर्षं झालेली. तिचा आवाज नानांच्या कानात होता, बांगड्यांची किणकिण होती. चेहरा मात्र पुसट होत होत या आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पार नाहीसा झाला. कितीही आठवा, येईचना. नाना कुणाजवळ बोलले नाहीत. पण अंथरुणाला पाठ टेकली की एकच घोर लागे. आपण वर गेलो, आणि तिथल्या एवढ्या बायांत ती ओळखूच आली नाही, तर?

तिचे फोटो नव्हते असं नाही. दर कानबाईला सारी भाऊबंदी नानांच्या घरी जमे, कानबाईच्या नैवेद्याचे जाड रोट खाई, आणि चुडामण फोटोवाला सगळ्यांना ओसरीत उभं करून फोटो काढी. त्या प्रत्येक फोटोत मंजुळाबाई होती. पण समोर सासरे, शेजारी थोरले दीर, त्यामुळे पदर थेट हनुवटीच्या खाली. पदरात नुसता काळोख. आणि तिच्या बाजूला एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा. नाना नेहमी गोठ्यात अडकलेले. ती हळूच म्हणे, "थांब भाऊ, मना मानूस येवाना शे." नाना हात धुऊन येईपर्यंत फोटो निघालेला असे.

चुडामणचं दुकान आता धुळ्यात होतं, आणि यंदा त्यानं कॉम्प्युटर घेतला होता.

"या नाना! रोट आणला का?"

"तू आमना भाऊबंद शे का? तुले रोट कसा चालई?"

"म्हणजे जन्मभर फोटो काढले, आणि वाट्याला नुसता वासच!"

दोघं हसले. मग नानांनी काम सांगितलं. चुडामण कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. त्यानं जुन्या साऱ्या फोटोंची नक्कल मशीनमध्ये चढवून ठेवली होती. कानबाईचे, लग्नांचे, साखरपुड्यांचे, गावोगावचे. त्यातला एक त्यानं पडद्यावर आणला.

"पदराखालचा काळोख जरा उजळून बघतो. दिसलं तर दिसलं."

तो काहीतरी टिकटिक करत राहिला. काळ्याचं राखी झालं, राख्याचं भुरकट. आणि पदराच्या काठाशी हनुवटीवरचं गोंदण दिसलं. एवढासा हिरवा ठिपका.

"शे..." नाना म्हणाले. "तीच शे."

"आता बाकीचे एकेक करत बसायचे नाहीत, नाना. एका फोटोवर काय केलं ते या मशीननं ध्यानात ठेवलंय. सांगितलं की तेच बाकीच्यांवर करत सुटतं. आपण चहा प्यायचा. कोणते करू?"

"बठ्ठा," नाना म्हणाले.

त्यांच्या मनात होतं, आमच्या घरचे सगळे. चुडामणनं ऐकलं, आत आहेत तेवढे सगळे. बठ्ठा म्हणजे सगळं खरं, पण कुणाचं सगळं, ते त्या शब्दात कुठं असतं? त्यानं एक बटण दाबलं आणि चहा सांगायला बाहेर गेला.

दुकानात नाना एकटे उरले. बाहेर भुरभुर लागली. मशीन घुंघुं करत होतं. फोटो आपोआप उघडे, उजळे, मिटे. दुसरा उघडे. आतल्या खोलीतून फोटो धुवायच्या औषधाचा आंबट वास येत होता, तो हळूहळू विरला आणि त्याच्या जागी भाजल्या रोटाचा वास आला. नानांनी दाराकडे पाहिलं. रस्ता ओला, रिकामा. चूल कुठेच नव्हती.

पुढच्या फोटोत तिचे ओठ दिसले. त्याच्या पुढच्यात नाक. नानांच्या अंगावर काटा आला. काळोख उजळत नव्हता... पदरच वर सरकत होता. फोटोमागून फोटो, बोटबोट.

"मंजुळा..." नाना कुजबुजले. "पदर घे ना... आबा समोर बसेल शेत..."

फोटोतले आबा, नानांचे वडील, मिशीला पीळ देऊन पुढेच बसले होते. त्यांना कशाचा पत्ता नव्हता. आणि त्यांच्या मागे मंजुळाबाईनं पदर पार खांद्यावर टाकला.

नाकात फुली. पुढचा एक दात जरासा आडवा. डावा डोळा हसताना बारीक होणारा. अरे, हीच की! नाना खुर्चीतच मोठ्यानं हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. इतकी साधी गोष्ट, कशी विसरलो होतो?

मशीन थांबलं नाही. ती गेल्यानंतरची कानबाई आली. पोरं मोठी झालेली, आबांची जागा रिकामी. ती होती. मग नानांच्या घरचे नसलेलेच फोटो आले. शिरपूरकडचं कुणाचं तरी लग्न, आणि वाजंत्रीवाल्यांच्या मागे ती. कुणाचा साखरपुडा, आणि पंगतीत ती, गालात लाडू. जन्मभर तिला एका लग्नाला धड जाता आलं नव्हतं, गुरांपाशी कुणीतरी हवं म्हणून. आता साऱ्या खानदेशातली लग्नं हिंडत होती. नानांची भीती केव्हा गेली ते त्यांनाही कळलं नाही. ते मान डोलावत बघत बसले. जत्रेत बसावं तसे.

चुडामण चहा घेऊन आला तेव्हा पडदा शांत होता. त्यानं नानांच्या घरचा एक फोटो कागदावर काढला आणि भुवया चढवल्या.

"चेहरा आला की, नाना! चांगला ठसठशीत आला."

"आठे रोटना वास येस का रे?" नानांनी विचारलं.

चुडामणनं हुंगून पाहिलं. "नाही बुवा. भूक लागली असेल तुम्हाला." मग त्यानं आणखी एक पाकीट हातात दिलं. "झुंबरबाईच्या पोराच्या लग्नाचा फोटो. तुमच्या शेजारीच ना त्या? देऊन टाका."

नानांनी घरी येऊन मंजुळाबाई भिंतीवर लावली, आणि दिवाबत्तीच्या वेळी शेजारचं पाकीट पोचतं केलं.

कानबाईच्या दिवशी सकाळी घर भरलं. रोट भाजले गेले. चुडामण कॅमेरा घेऊन आला. आणि नवल असं की नाना साऱ्यांच्या आधी ओसरीत. आंघोळ झालेली, धोतर धुतलेलं, पांढरी टोपी डोक्यावर.

"दादा, आज गोठानी सुट्टी शे का?" सूनबाईनं चिडवलं. सगळे खो खो हसले.

"आज उशीर नही करणार," नाना म्हणाले, आणि तेही हसले.

तेवढ्यात कुडापलीकडून झुंबरबाईची हाक आली. दुसऱ्यांच्या कानबाईत ती कशी येणार? तिथंच उभी होती, तोच फोटो हातात धरून. तोंडावर भीती होती की हसू, ते ओळखू येईना. नाना कुडापाशी गेले. ती अगदी हळू बोलली.

"नाना... मना पोऱ्याना लगनले मंजुळाक्का कशी उनी? ती तं कवयच गयेल व्हती ना... बरं, त्या दिवशी दिवाबत्तीले ती बठ्ठास्ना मांगे व्हती, मी मना डोयानी देखं. आते देखा... पुढे उनी शे. आनी बाजूले एक मानूसनी जागा सोडेल शे."