होडीचं पुढचं दार

त्या दिवशी कप्तान घरून निघाले ते फक्त दोन गोष्टी आणायला: कटरची पाती आणि प्लास्टिक चिकटवायच्या सोल्यूशनची एक बाटली. कप्तान म्हणजे नावाचेच बरं का. जन्मात त्यांनी जहाज चालवलं नव्हतं. जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहून पेन्सिली झिजवल्या, आणि घरी युद्धातल्या बोटींची, गाड्यांची छोटी मॉडेलं जमवली, म्हणून गल्लीनं ही पदवी बहाल केलेली. बायको होती तोवर तीही चिडवायची, "कप्तान, आरमार हलवा, टेबल पुसायचंय." तिला जाऊन चौदा महिने झाले होते. आता टेबल पुसायला कुणी सांगत नव्हतं, त्यामुळे जेवणाच्या टेबलावरही रणगाडे उभे होते आणि कप्तान ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवत.

जुन्या मॉडेलांचं दुकान एका जिन्याखाली होतं. दुकानदारानं पाती दिली, बाटली दिली, आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "कप्तान, एक चीज आलीय. बघता?"

बुटांच्या खोक्यात एक होडी होती. सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणारी, सपाट बुडाची, चौकोनी. अशा होडीची पुढची भिंत हेच तिचं दार. किनारा लागला की साखळी सुटते, दार धाडकन पुढे पडतं आणि त्याच्याच उतारावरून माणसं पळत सुटतात. कप्तानांकडे असल्या नऊ होड्या होत्या, पण ही पाहून ते खोक्यावर वाकले. केसाएवढ्या बारीक कड्यांची साखळी खरोखर चालत होती. आत बोटाच्या दोन पेरांएवढे तीस शिपाई दाटीनं उभे, आणि तिसांचे चेहरे तीस तऱ्हांचे. कुणी ओठ चावलेला, कुणी डोळे गच्च मिटलेला. उरलेल्या सगळ्यांची नजर बंद दारावर.

"कुणाची?"

"एक मास्तर होते, एकटेच राहायचे. गेले. त्यांच्या भाच्यानं बाकी सगळं विकलं, ही मात्र अशीच देऊन गेला. मलाही नको. तुम्ही न्या."

फुकट ते पौष्टिक, असं मनाशी म्हणत कप्तान खोकं काखोटीला मारून घरी आले.

चौथ्या दिवशीची गोष्ट. दुपारचे चार वाजले होते. कप्तान स्वयंपाकघरात चहा गाळत होते, आणि समोरच्या खोलीत साखळी खळखळली. मग लाकडावर लाकूड आदळल्यासारखा एकच आवाज, आणि पाठोपाठ पावलं. जड, ओली, बुटांची पावलं. एकामागून एक ती समोरच्या खोलीतून निघाली, बोळातून गेली आणि मागच्या खोलीत जाऊन थांबली. घरभर खारट वास सुटला. त्यात डिझेल होतं, भिजलेली लोकर होती. कप्तानांच्या हातातली गाळणी तशीच राहिली. चहा ओट्यावरून खाली पायावर सांडत होता तरी त्यांना कळलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी वाकून पाहिलं. घरात कुणीही नव्हतं. टेबलावर होडीचं दार उघडं पडलेलं होतं आणि होडी रिकामी होती. दिवेलागणीला ती पुन्हा भरलेली दिसली. दार वर, साखळी ताणलेली, तीसच्या तीस आपापल्या जागी.

शहाण्या माणसानं तिथल्या तिथं ते खोकं परत केलं असतं. कप्तान शहाणे होते, पण एकटे होते. चौदा महिने त्या घरात त्यांच्याशिवाय कुणाचं पाऊल वाजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चारला पावलं आली तेव्हा ते घाबरून मोरीत जाऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पावलं मोजली, बरोबर तीस जोड्या. आठवड्याभरानं ते चार वाजायची वाट पाहू लागले. मागच्या खोलीचं दार ते उघडत नसत. बाहेर बोळात खुर्ची टाकून, चहाचा कप घेऊन बसायचे. आत माणसं आहेत एवढं पुरे होतं. कधी कुणी खोकायचं. कधी ओला सुस्कारा ऐकू यायचा. एकदा कप्तान सहज म्हणाले, "आज गार आहे, नाही?" आणि दाराच्या फटीतून आलेला वारा क्षणभर थांबला. त्या रात्री त्यांना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

मग मुलाचा फोन आला. मुलगा चार तासांच्या अंतरावरच्या शहरात नोकरीला. एरवी तो उंटावरून शेळ्या हाकायचा, औषध घेतलं का, गॅस बंद केला का. या वेळी मात्र म्हणाला, "बाबा, रविवारी येतोय. इथल्या एका वृद्धाश्रमात खोली मिळतेय. तुम्ही तिथं एकटे कसे राहता ते एकदा बघतो, मग ठरवू. शेजारच्या काकू म्हणत होत्या, तुम्ही दुपारी कुणाशी तरी बोलत असता…"

घर सोडायचं? बायकोनं लावलेले पडदे, हे टेबल, हे आरमार, आणि दुपारी चारची ती सोबत? काहीही करून रविवार नीट पार पडायला हवा होता. एकच दिवस. मुलासमोर साखळी वाजून चालणार नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी होडी समोर घेतली. बेत साधा होता. दाराच्या कोपऱ्यात सोल्यूशनचा एक ठिपका द्यायचा आणि संध्याकाळी पात्यानं सोडवायचा. पण आपण या माणसांचा केसानं गळा कापतोय असं वाटून त्यांनी नजर फिरवली आणि कुंचल्यावरून जास्तीचा थेंब पडला. मॉडेल करणाऱ्याला हे सोल्यूशन ठाऊक असतं. ते नुसतं चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवतं, आणि फट मिळाली की आपण होऊन धावत सुटतं. कप्तानांच्या डोळ्यांदेखत ते दाराच्या चारही बाजूंनी फिरून आलं. दार आणि होडी असे दोन तुकडे मग उरलेच नाहीत.

"माफ करा," ते पुटपुटले. "आजच्या दिवसापुरतं… फक्त आजच्या दिवसापुरतं."

मुलगा अकराला आला. टेबल रिकामं आणि पुसलेलं पाहून खूश झाला. होडी आता खिडकीतल्या फळीवर होती. दोघे समोरासमोर बसून जेवले. पुष्कळ दिवसांनी घरात दोन ताटं मांडली गेली होती आणि कप्तानांना ती सारखी पाहावीशी वाटत होती.

चार वाजले. साखळी एकदा खळखळली आणि अडकली.

मग टकटक सुरू झाली. आधी एक, मग पाच, मग मोजता येईनात इतक्या. बारीक, नखानं पत्र्यावर वाजवावं तशी. कप्तान मोठ्यानं खोकले. भांडी घासायला घेतली. नळ पूर्ण सोडला. कारखान्यातला एक जुना विनोद सांगायला लागले आणि शेवट विसरले. मुलगा हसला, उठला, त्यानं पंखा पाचवर केला आणि रेडिओ लावला. म्हणाला, "उकडतंय." त्याला काही ऐकू येत नाही हे बघून कप्तानांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

टकटक पाऊणएक तास चालली. आधी वेड्यासारखी, मग दमलेली. मग एकेक आवाज कमी होत गेला. शेवटी एकच उरला. अगदी सावकाश… थांबून थांबून… आणि तोही गेला. कप्तान त्या वेळी मुलाला बायकोचे जुने फोटो दाखवत होते. त्यांचे डोळे भरून आले. मुलाला वाटलं, फोटोंमुळे.

निघताना मुलानं डिकीत बॅग टाकली आणि वडिलांना मिठी मारली. "तुम्ही ठणठणीत आहात, बाबा. ती खोली नको म्हणून कळवतो."

गाडी वळणापलीकडे गेली तसे कप्तान धावत आत आले. खिडकीतून होडी उचलली तर ती विटेसारखी जड लागली. नवं पातं लावून ते दार कापू लागले. बोट कापलं, तरी थांबले नाहीत. "आलो, आलो… झालंच," ते म्हणत होते. दार तुटून हातात आलं आणि आतून पाणी फुटलं. बर्फासारखं गार पाणी टेबलावरून, त्यांच्या मांडीवरून जमिनीवर वाहिलं. इतक्याशा होडीत मावणार नाही इतकं. जिभेला खारट लागलं.

होडीत कुणी नव्हतं. त्यांनी भिंग आणलं. तुटलेल्या दाराच्या आतल्या बाजूला ओरखडे होते, वरपासून खालपर्यंत, एकावर एक, शेकडो. कप्तान त्या पाण्यात बसून राहिले. आयुष्यात इतकं एकटं त्यांना कधीच वाटलं नव्हतं, बायकोला पोचवून आले त्या दिवशीसुद्धा नाही.

बाहेर नुकता अंधार पडत होता तेव्हा फोन वाजला.

"बाबा…" मुलाचा आवाज अगदी हळू होता. "एक विचारू? दुपारी ते काय वाजत होतं?"

"तुला… ऐकू येत होतं?"

"पहिल्यापासून. तुम्ही काहीच बोलेनात. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. तुम्हाला काळजी नको म्हणून मी पंखा मोठा केला."

कप्तानांनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"बाबा, आता ते इथं वाजतंय. डिकीत… आतून. मी गाडी बाजूला घेतलीय. रस्त्यावर कुणी नाहीये." तो थांबला. त्या शांततेत कप्तानांना फोनमधून टकटक ऐकू आली. सावकाश, दमलेली. "उघडू का?"

त्यांच्यासमोर टेबलावर ते दार होतं, ओरखड्यांचं. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

"उघड, बाळा," ते म्हणाले. "लगेच उघड. मी कोंडून ठेवलं होतं त्यांना."

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मुलाची चार पावलं. डिकीचा खटका. मग पाणी सांडलं, खूप वेळ सांडत राहिलं, आणि रस्त्यावर बूट वाजू लागले. एकामागून एक, जड, ओले, फोनपासून दूर दूर जाणारे.

"बाळा?" कप्तान म्हणाले. "अरे, बोल ना…"

फोन चालूच होता. ते कानाशी धरून पावलं मोजत राहिले, रोजच्यासारखी. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

आणि त्यांच्या मागोमाग, तसंच जड आणि तसंच ओलं, आणखी एक.